झाड नसलेलं बेट

मे महिन्यात नागपुरात माणूस फार काही ठरवत नाही. आज रस करायचा की पन्हं, कूलरच्या टाकीत पाणी आत्ताच भरायचं की नळ येईपर्यंत थांबायचं, यापलीकडे डोकं चालत नाही. अशा महिन्यात आमच्या घरी आयर्लंडमधलं एक बेट निवडायचं काम निघालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. तसं आमच्या घरातलं कोणतं काम माझ्या गळ्यात पडत नाही, हे मला अजून शोधून सापडलेलं नाही.

काम काढलं आमच्या लेकीनं. ती डब्लिनला नोकरी करते आणि एकुलती एक आहे. कधीची आमच्या मागे लागली होती, या म्हणून. या वर्षी तिनं जूनमधली आठवडाभराची रजा आधीच मंजूर करून घेतली आणि फर्मान सोडलं. डब्लिनमध्ये सोफ्यावर बसून टीव्ही पाहायचा असेल तर येऊ नका. आपण तिघं एखाद्या छोट्याशा बेटावर जाऊ. तिथं मोटारी जवळजवळ नसतातच, बोटीतून उतरलं की धक्क्यावरच भाड्यानं सायकली मिळतात. आठवडाभर सायकल चालवू, दुसरं काही करायचं नाही. बेट मात्र तुम्ही दोघांनी मिळून निवडा. "मिळून" या शब्दावर तिनं जोर दिला होता. लेक हुशार आहे. आईबापांनी बऱ्याच दिवसांत मिळून काही केलेलं नाही, हे तिला तिकडे बसूनही कळत होतं.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की हात आपोआप चालायचा. प्रत्यक्षात एकही बेट पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा पाहिला तो दोनदाच, एकदा लग्न झाल्यावर आणि एकदा शाळेच्या सहलीत, मुलं मोजता मोजता. मुलं मोजणाऱ्या बाईला समुद्र दिसत नाही, मुलंच दिसतात.

माझा आणि सायकलचा संबंध जुना. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी सायकलनंच शाळेत जात होते. पुढे मोपेड आली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी हौसेनं गिअरच्या दोन सायकली घेतल्या. पहाटे उजाडायच्या आत निघायचं, फुटाळा तलावाला वळसा घालायचा, अंगात जोर असेल तर गोरेवाड्यापर्यंत जायचं आणि ऊन चढायच्या आत पोहे खाऊन घरी. हे पुढे असायचे, मी मागे. चढ आला की मात्र मी पुढे निघून जायची आणि मग हे ओरडायचे, "थांब वं, एवढी काहून पळून राह्यली?" मी थांबत नसे. चढावर थांबलं की परत जोर लागत नाही, हे एक कारण. दुसरं असं की, तेवढा एक चढभर मला कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, असं म्हणायची सोय होती.

मग ती दुपार आली.

आमचे हे कळमन्याच्या बाजारात अडते. शेतकऱ्यानं आणलेली तूर, हरभरा ढीग लावून लिलावात विकून द्यायचा, काट्याजवळ उभं राहून तोलून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. आवाज असा की लिलाव चालू असताना माईकची गरज पडायची नाही. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, लिलाव आटोपल्यावर, बाजारातच त्यांना ऊन लागलं. दुपारी कधीतरी पडले. बऱ्याच वेळानं एका शेतकऱ्यानं हलवून पाहिलं तेव्हा लोकांना कळलं. दवाखान्यात न्यायला आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मला एवढंच माहीत होतं. पुढचं विचारलं की हे उठून गॅलरीत जायचे आणि समोरच्या भिंतीकडे पाहत उभे राहायचे. नंतर मी विचारणं सोडून दिलं.

त्या दिवसापासून यांनी बाहेर पडणंच टाकलं. दुकान भाचा पाहतो. उन्हाळ्यात तर नाहीच, पण थंडीतसुद्धा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे पाऊल नाही. सायकली जिन्याखाली जुन्या साडीत गुंडाळून उभ्या. मागच्या खोलीत गार असतं तरी तिथं बसत नाहीत, समोरच्या खोलीत दाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. न्हाणीची कडी लावत नाहीत. मी समजायची, हवा यावी म्हणून.

आणि मी बाहेर गेले की फोन. भाजीला गेले, फोन. "कुठी हायेस?" बँकेत रांगेत उभी, फोन. "कुठी हायेस?" खालच्या मजल्यावर शेजारणीशी दोन शब्द बोलत उभी, तरी वरून फोन. आंघोळीला गेले तर दारावर टकटक. "हायेस ना वं?" आता न्हाणीत शिरलेली बाई जाईल कुठे? सुरुवातीला मला दया यायची, मग हसू यायचं, मग राग. आणि गेल्या वर्षभरात रागही थकला. नुसतं "हो, आहे" म्हणायची सवय जडली. दळण आणायला निघाले की डबा उचलायच्या आधी मोबाईल उचलते.

म्हणून लेकीनं सायकलीची गोष्ट काढली, तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मला त्या आठवड्यात समुद्र नको होता, किल्ला नको होता, कोणाचे फोटो काढायचे नव्हते. एखादं वळण घेऊन मला दिसेनासं व्हायचं होतं. एकटीनं, थोडा वेळ, कोणी "कुठी हायेस" न विचारता. एवढ्यासाठी मी कोणतंही बेट घेतलं असतं. पण हे आल्याशिवाय मला जाता येणार नव्हतं. यांना इथं एकटं ठेवून कोण जाणार? म्हणजे आधी यांना बेट पसंत पडायला हवं होतं.

लेकीनं पहिलं बेट दाखवलं ते इनिशिअर. संध्याकाळचा व्हिडिओ कॉल, टॅबलेट पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला, कूलरचं तोंड आमच्याकडे. फोटोत नुसता दगड. करडे दगड, त्यांच्यावरच रचलेल्या दगडांच्या भिंती, भिंतींच्या मधून जाणारे अरुंद रस्ते, मध्ये हिरव्या गवताचे चौकोन. किनाऱ्यावर एक गंजलेलं जहाज कलंडून पडलेलं. मला आवडलं. भिंतीच भिंती, वळणंच वळणं.

हे टॅबलेटच्या जवळ सरकले. बराच वेळ पाहत राहिले.

"एकही झाड नाही का?"

"नाही ना बाबा," लेक म्हणाली. "वाऱ्यानं टिकतच नाहीत म्हणतात. दोन-चार असतील घराजवळ."

"अन् ह्या भिंती केवढ्याक उंच?"

"छातीएवढ्या असतील."

"हं," असं म्हणून हे मागे टेकले.

त्यांचा "हं" मी ओळखते असं मला वाटायचं. लिलावात असा "हं" निघाला म्हणजे माल पसंत नाही. मी लेकीकडे पाहिलं, लेकीनं माझ्याकडे. दोघी नागपूरच्या. एका माणसाला ऊन लागलेलं आहे, तो झाड आहे का म्हणून विचारतो, भिंत किती उंच म्हणून विचारतो. याचा अर्थ काय लावायचा, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. इथं गाडी लावायची तरी माणूस आधी सावली पाहतो. अंगणात खाट टाकायची तर दुपारी सावली कुठे सरकेल ते पाहून टाकतो. लेक लगेच समजूत घालायला लागली.

"बाबा, तिकडचं ऊन म्हणजे ऊन नसते हो. जूनमध्ये सोळा-सतरा डिग्री."

"म्हणजे आपला जानेवारी."

"तेच तर सांगून राह्यली ना मी. लोक उन्हासाठी तरसतात तिथं. जरासं ऊन पडलं की बाहेर येऊन बसतात. अन् रात्री दहापर्यंत उजेड राहते."

रात्री दहापर्यंत उजेड, हे तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी मात्र मनात म्हटलं, संपलं. नागपूरच्या माणसाला सांगायचं की बाबा रे, सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही, आणि वर म्हणायचं, चल सायकल चालवू. मी घाईघाईनं म्हटलं, दुसरं पाहू. 

दुसरं बेट टेकड्यांचं. त्याचं नाव माझ्या जिभेला वळलं नाही, म्हणून मी त्याला टेकड्यांचं बेटच म्हणायची. हिरवंगार, उतारावर मेंढ्या, खाली निळं पाणी. यांनी एकच विचारलं, "टेकडीच्या मागं काय हाय?" लेक म्हणाली, "मागं समुद्र, बाबा. बेट हाय ना." हे म्हणाले, "नको." मी म्हटलं, चढ आहे म्हणून नको म्हणत असतील, गुडघे दुखतात. एक बेट अगदी वरच्या टोकाला होतं, पण ते ब्रिटनच्या हद्दीत येतं, तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो म्हणून ते आम्हाला नाकारावं लागलं नाही. त्यानं आम्हाला नाकारलं.

मधल्या दिवसांत मी माझ्या परीनं हुशारी लढवत होते. रोजचा कार्यक्रमही आखला होता. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत परत यायचं, दुपारी दारं लावून पडायचं, संध्याकाळी सहानंतर पुन्हा निघायचं. लेकीला सांगितलं तर ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, "आई, पहाटे पाचला तिथं स्वेटर घालून कुडकुडत कोण निघणार? अकरा वाजता निघू, नाश्ता करून." अकरा वाजता! मे महिन्यात नागपुरात अकरा वाजता सायकल काढणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं पाहतात. मला माझ्या कार्यक्रमाचा जरा रागच आला, इतक्या दूरच्या गावालाही मी आमचंच ऊन पांघरून निघाले होते.

लेक म्हणाली, येत्या रविवारपर्यंत सांगा. त्यानंतर राहायला जागा मिळणार नाही, लहान बेटांवर घरंच मोजकी असतात. तिच्या आवाजात आता कंटाळा होता. मला तिचंही वाईट वाटलं. तिच्या रजेचा आठवडा म्हणजे तिच्या वर्षाचा आठवडा, आणि तो आमच्या "हं" वर अडकून पडला होता.

तेव्हा मी स्वतः बसले. डोळ्यांवर चष्मा, हाताशी ओला रुमाल, आणि टॅबलेटवर त्या देशाचा सगळा किनारा बोटानं सरकवत. भूगोलाच्या बाईला नकाशा वाचायला कोण शिकवणार? शोधता शोधता खालच्या बाजूला, एका खोल खाडीत, वाऱ्याच्या आड दडलेलं एक बेट सापडलं. झाडंच झाडं. रस्त्यावर दोन्हीकडून फांद्या वाकलेल्या, एखाद्या बोगद्यासारख्या. रस्ता दर थोड्या अंतरावर झाडीत शिरून गडप होणारा. खरं सांगते, ते पाहून मलाच भरून आलं. यांना सावली आणि मला वळणं. दोघांचं भागत होतं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मी टॅबलेट यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, पाहा.

यांनी पाहिलं. पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग टॅबलेट उलटा करून बाजूच्या स्टुलावर ठेवून दिला.

"नको."

 मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी घासली. घासलेलीच भांडी.

शनिवारी दुपारी लाईट गेली. नवतपा चालू होता, मेच्या शेवटाचे ते नऊ दिवस, ज्यांत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलर घरघरत थांबला आणि घरात एकदम शांतता झाली. बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत नवराबायको ओरडूनच बोलतात. कूलरच्या आवाजावरून ओरडायचं म्हणजे "जेवायला या" आणि "नळ आला" एवढंच बोलता येतं. नाजूक काही बोलायचं असेल तर पावसाळ्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर माणूस विसरून जातो.

यांनी टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला. मी फरशीवर पाणी शिंपडून तिथंच भिंतीला टेकून बसले. अंगातून धारा. आणि का कोण जाणे, त्या शांततेत माझा तोल सुटला.

"तुम्हाले जायचंच नाही, असं सांगून टाका ना एकदाचं," मी म्हटलं. "दगडाचं दाखवलं त झाड नाही म्हणता. झाडाचं शोधून काढलं त नको म्हणता. आता मी काय तिकडं जाऊन तुमच्यासाठी मोजून झाडं लावू?"

"मी कधी म्हटलं झाड पाह्यजे?"

"पह्यल्या दिवशी विचारलं नाही तुम्ही? एकही झाड नाही का म्हणून?"

"विचारलं. ती नाही म्हणे, त मले बरं वाटलं. तुम्ही दोघीनं मंग दुसरंच दाखवायला सुरुवात केली."

मला काही कळेना. हे टॉवेलच्या टोकानं तोंड पुसत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"मी उन्हात नव्हतो पडलो वं. सावलीत पडलो होतो."

कळमन्याला लिलाव आटोपला की दुपारी सगळं थंडावतं. हमाल, शेतकरी, अडते, ज्याला जिथं सावली मिळेल तिथं पोत्यावर आडवा होतो. तोंडावर दुपट्टा ओढला की झालं. त्या दुपारी यांना गरगरल्यासारखं झालं म्हणून हे शेडमध्ये आत गेले, पोत्यांच्या थप्पीच्या मागे, जिथं जास्तीत जास्त सावली होती तिथं. टेकले. मग उठता येईना. हात हलेना, जीभ हलेना. गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून बांधलेला दुपट्टा तोंडावर तसाच.

"लोक येऊन जाऊन राह्यले होते," हे म्हणाले. "मले सगळं ऐकू येऊन राह्यलं होतं."

"काय ऐकू येऊन राह्यलं होतं?"

"एक जण म्हणे, शेठ झोपले, हळू बोल बे. दुसऱ्यानं माह्या चपला नीट एका जागी लावून ठेवल्या. तो माह्या पायाजवळच होता. मंग थप्पीच्या बाजूनं ऊन सरकून आलं, त कोणीतरी रिकामं पोतं टांगून दिलं आडोशाले. मले उजेड गेल्यासारखा दिसला, दुपट्ट्यातून."

मी भिंतीचा टेका सोडून पुढे सरकले.

"सगळे चांगलेच लोक होते वं," हे म्हणाले. "एकानंही त्रास नाही दिला."

आमच्याकडे दुपारी झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. ही आमची रीत आहे, मीही लेकीला हेच शिकवलं. त्या दुपारी कळमन्याचा सगळा बाजार यांच्याशी आदरानं वागला, आणि हे तिकडे एकेकाची चाहूल ऐकत पडले होते. हे मला इतक्या दिवसांनी कळत होतं. न्हाणीची कडी, दारातली खुर्ची, टेकडीच्या मागे काय आहे हा प्रश्न, सगळं मला एका क्षणात समजलं. आम्ही दोघी मायलेकी यांच्यासाठी सावली शोधत बसलो होतो. मला रडायला आलं आणि मी रडले. हे म्हणाले, "आता काहून रडतेस? जिवंत हाय ना मी."

थोड्या वेळानं त्यांनी टॅबलेट मागितला. इनिशिअरचे फोटो त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. कधी काढले मला माहीत नाही, बहुतेक मी भाजीला गेले असताना. एकेक फोटो बोटांनी मोठा करून मला दाखवू लागले.

"हे पाह्य. रस्ता दोन भिंतीच्या मधून जाते. मधात काहीच नाही, ना झाड ना झुडूप. पडला त रस्त्यातच पडन, मागून येणाऱ्याले दिसनच. अन् हे पाह्य, हा सायकलवाला. भिंतीच्या वर त्याचं डोकं दिसते. दूरवरून दिसते. डोकं दिसेनासं झालं की समजायचं, पडला." मग जरा थांबून म्हणाले, "तिथी दुपारी कोणी झोपत नसन ना?"

"थंडीत कोण झोपते रस्त्यावर?"

"मंग ठीक हाय. हेच घेऊ. तू फक्त माह्या मागं चालवजो. पुढं नको जाऊस."

यांना घराबाहेर पडायचं होतं. दोन उन्हाळ्यांनंतर, आपल्या तोंडानं, हेच घेऊ म्हणत होते. मी खूश व्हायला पाहिजे होतं आणि मी झालेही. पण मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला आनंदातही आपलं काय गेलं ते आधी दिसतं. आठवडाभर मी यांच्या पाठीकडे पाहत सायकल चालवणार होते.

"मले थोडा वेळ एकटीनं चालवायची हाय," मी म्हटलं.

"काहून?"

"काहून म्हणजे? मी दोन वर्षांपासून न्हाणीतूनही तुम्हाले हो देऊन राह्यली."

 त्यांनी टॉवेल पुन्हा बादलीत बुडवला, पिळला, डोक्यावर घेतला. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. मग वाटलं, बरं झालं बोललो.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"रोज दोन तास."

"दोन तास बहुत होते."

"मंग दीड."

"एक."

"दीड," मी म्हटलं. "चाळीस वर्षं अडत्याच्या घरात काढली मी. मले नका शिकवू."

त्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "बरं, दीड," ते म्हणाले. "तेवढा वेळ मी एका जागी बसून राहीन. पुढं जाय, मागं जाय, कुठीही जाय. फोन नाही करणार. फक्त भिंतीच्या वर तुह्यं डोकं दिसत राह्यलं पाह्यजे."

मी पुन्हा तो फोटो पाहिला. बेट इतकं लहान की एका टोकाच्या उंचवट्यावर बसलं तर बरंचसं दिसावं. भिंती छातीएवढ्या. सायकलवर बसलेल्या बाईचं डोकं त्यांच्यावर येणारच. यांना दिसत राहायचं होतं, मला दिसायचं नव्हतं, आणि दोघांना मिळून एकच बेट घ्यायचं होतं. खाडीतल्या त्या झाडांच्या रस्त्याची मला एकदा आठवण झाली. आडोसा यांनी किती सोसला ते ऐकल्यावर मी त्यांना परत तिथं घेऊन जाणार नव्हते. कोणी नेलं नसतं.

लाईट यायची वाट न पाहता मी लेकीला फोन लावला. म्हटलं, पहिलंच घे, दगडाचं. तिनं आनंदानं ओरडून विचारलं, "बाबा हो म्हणाले?" मी म्हटलं, त्यांनीच निवडलं.  मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आई, अन् तुले कोणतं पाह्यजे होतं?"

हे समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते. डोक्यावरच्या टॉवेलमधून पाणी कपाळावर ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हेच," मी म्हटलं.